हृदयाची झडप, गरोदरपणातील साखर आणि प्रसूतीचा मार्ग : वडोदऱ्यातील एका सल्लासेवेविषयी अभिप्राय

वडोदऱ्यात जुन्या पादरा रस्त्यावरील एका खासगी प्रसूतिगृहात जोखमीच्या गरोदरपणासाठी स्वतंत्र सल्लासेवा चालते. ठरावीक दुपारी प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरबाई, हृदयरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ एकत्र बसतात आणि जिला आधीपासून एखादा आजार आहे अशा गरोदर स्त्रीशी, ठरवून सिझर करावे की नैसर्गिक प्रसूती होऊ द्यावी, या प्रश्नावर सविस्तर बोलतात. मी ही सेवा घेतली आणि माझी प्रसूतीही तेथेच झाली. सेवेत ज्या उणिवा आढळल्या त्याही पुढे लिहिल्या आहेत, म्हणून संस्थेचे नाव देत नाही. अशा सेवेकडून काय मागावे, हे इतर शहरांतील स्त्रियांनाही यातून समजावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

माझी प्रकृती थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण सल्ला योग्य होता की नाही हे त्यावरच ठरते. लहानपणी मला संधिवाताचा ताप येऊन गेला आणि त्याने हृदयाची मायट्रल झडप किंचित अरुंद झाली. पुढे अनेक वर्षे दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेत होते. टूडी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) झडपेचे क्षेत्रफळ 1.5 चौरस सेंटिमीटरपेक्षा अधिक होते, म्हणजे दोष सौम्य गटातला होता. त्यात गरोदरपणी 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेल्या तपासणीत साखर 140 च्या वर निघाली. आहार सांभाळूनही ती आटोक्यात येईना, तेव्हा इन्सुलिन सुरू झाले.

आमचे घर दांडिया बाजारातले, पिढ्यान्‌पिढ्या वडोदऱ्यात राहिलेले. घरात सर्वांचे एकच मत होते. सासूबाई म्हणाल्या, “अगं, आधीच हृदयाचं दुखणं, त्यात साखर. कळांचा ताण कशाला घ्यायचा? सरळ सिझर करून मोकळी हो.” हे मायेपोटी होते आणि त्यात तर्कही होता: कळा म्हणजे श्रम आणि अशक्त हृदयाला श्रम नकोत. आम्ही आधी ज्या रुग्णालयात नाव नोंदवले होते तेथेही हेच सांगण्यात आले. 37 व्या आठवड्यातील तारीख देऊन ‘रिस्क नको’ एवढेच कारण दिले गेले. तारीख हाती आल्यावर घरात पंचांग उघडले गेले आणि चर्चा मुहूर्तावर गेली. कोणता धोका टळणार आणि त्याच्या बदल्यात कोणता पत्करावा लागणार, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील खासगी रुग्णालयांतील 47.4 टक्के प्रसूती सिझरने झाल्या, सरकारी रुग्णालयांत हेच प्रमाण 14.3 टक्के होते. या आकड्यांवरून एखाद्या स्त्रीचे सिझर अनावश्यक होते असे म्हणता येत नाही. तरीही कारण विचारण्याचा हक्क प्रत्येकीला आहे आणि तो हक्क बजावण्यासाठीच आम्ही दुसरे मत घ्यायला गेलो.

या सेवेचा सर्वांत मोठा गुण असा की तेथे आजारांची मोळी बांधली जात नाही. ‘ही जोखमीची केस आहे’ या वाक्यावर चर्चा संपत नाही. तिथून ती सुरू होते. हृदयरोगतज्ज्ञांनी इकोचा कागद पाहण्याआधी मला एक मजला जिना चढून यायला सांगितले. मी परत येताच त्यांनी मनगट धरून ठोके मोजले, मग मला बसवून ते किती वेळात खाली येतात ते पाहिले. रात्री उशा रचून झोपावे लागते का, सपाट झोपल्यावर खोकला येतो का, पायऱ्या चढताना मध्ये थांबावे लागते का, असे साधे प्रश्न त्यांनी विचारले. झडपेचे माप कागदावर असतेच. ती झडप घेऊन ही बाई दिवसभर कशी वावरते हे त्यांना जाणून घ्यायचे होते.

मग त्यांनी रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूवर हृदयाचे चार कप्पे काढले. गरोदरपणात शरीरातील रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढते. अरुंद झडपेतून ते सर्व पुढे जायला वेळ लागतो आणि ठोके जलद झाले की नेमका हाच वेळ कमी होतो. मग रक्त मागे तुंबते, फुफ्फुसांत पाणी साचू लागते आणि दम लागतो. म्हणजे कळांमध्ये माझा खरा शत्रू होता वेदनेने आणि भीतीने वाढणारा ठोक्यांचा वेग. त्यावर उपाय आहे. पाठीतून एपिड्युरल (कण्याजवळ बारीक नळीतून दिली जाणारी भूल) लवकर दिले तर वेदना आणि ठोके दोन्ही आवाक्यात राहतात. शेवटच्या टप्प्यात आईने जोर लावत राहण्याऐवजी व्हॅक्यूमच्या (बाळाच्या डोक्याला लावून ओढायच्या कपाच्या) मदतीने बाळ बाहेर घेतले, तर सर्वांत दमवणारा भागही आखूड करता येतो.

यानंतर त्यांनी जे सांगितले ते आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. अशा झडपेसाठी अतिशय नाजूक काळ बाळ जन्मल्यानंतरचा असतो. गर्भाशय आकुंचन पावते, त्यातील रक्त शरीरात परत येते, पोटातील मोठ्या शिरेवरचा दाब उतरतो आणि हृदयाकडे एकाएकी रक्ताचा लोंढा येतो. हे सिझरमध्येही घडतेच. जो धोका टाळण्यासाठी घरचे सिझर मागत होते, तो सिझरने टळणारा नव्हता. उलट सिझरमध्ये रक्तस्राव सर्वसाधारणपणे नैसर्गिक प्रसूतीच्या जवळपास दुप्पट होतो, रक्ताच्या गुठळ्या होण्याची आणि जंतुसंसर्गाची शक्यता वाढते आणि कण्यातून दिलेल्या भुलीने रक्तदाब एकदम उतरला तर अरुंद झडपेच्या हृदयाला तो सावरणे अवघड जाते. युरोपीय हृदयरोग संस्थेच्या 2018 च्या मार्गदर्शिकेतही हृदयविकार असलेल्या बहुतेक स्त्रियांसाठी नैसर्गिक प्रसूतीलाच पहिली पसंती दिली आहे.

अपवादही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे मांडले. महाधमनी धोकादायक रीतीने फुगली असेल, फुफ्फुसांतील रक्तदाब फार वाढला असेल, हृदय औषधांना दाद देत नसेल किंवा कृत्रिम झडपेसाठी रक्त पातळ करणाऱ्या तोंडी गोळ्या चालू असतानाच कळा सुरू झाल्या असतील, तर सिझरच योग्य ठरते. तुमची झडप अतिअरुंद असती, चार पावलांत दम लागत असता, तर मी आज वेगळे बोललो असतो, असेही ते म्हणाले. माझा विश्वास बसला तो याच वाक्यामुळे. एखाद्या मार्गाचा पुरस्कार करणारा माणूस आपले मत कधी बदलेल हे सहसा सांगत नाही.

साखरेची बाजू डॉक्टरबाईंनी मांडली. गरोदरपणातील मधुमेह हे एकट्याने सिझरचे कारण होत नाही. खरा प्रश्न बाळाच्या वजनाचा असतो. आईची साखर चढी राहिली तर बाळाच्या खांद्यांवर आणि धडावर चरबी साचते आणि डोके बाहेर आल्यावर खांदा अडकण्याचा धोका वाढतो. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेच्या शिफारशीनुसार, मधुमेही आईच्या बाळाचे अंदाजित वजन 4500 ग्रॅम किंवा त्याहून अधिक असेल तेव्हा ठरवून सिझर करण्याविषयी तिच्याशी बोलावे. माझ्या बाळाचा अंदाज त्याच्या बराच खाली होता. सोनोग्राफीतील वजनात 10 ते 15 टक्क्यांची चूक सहज होऊ शकते, हेही त्यांनी न विचारता सांगितले. आधीच्या रुग्णालयाने दिलेल्या तारखेबद्दल त्या सौम्य शब्दांत बोलल्या, पण मुद्दा पक्का होता. विशेष कारण नसताना ठरवून करायचे सिझर 39 आठवड्यांच्या आत करू नये, कारण लवकर काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता अधिक असते. त्यातही मधुमेही आईच्या बाळाची फुफ्फुसे जरा उशिराच तयार होतात. साखर असलेल्या बाईच्या टाक्यांत पू होण्याची भीतीही अधिक.

दोन आजार एकत्र आले की ते एकमेकांच्या विरुद्ध दिशांना ओढतात आणि या सल्लासेवेची खरी किंमत तिथेच कळली. हृदयासाठी शेवटचा टप्पा व्हॅक्यूम लावून आखूड करायचा होता. पण बाळ मोठे असेल तर व्हॅक्यूममुळे खांदा अडकण्याची शक्यता वाढते. साखरेसाठी कळांमध्ये इन्सुलिन आणि ग्लुकोज शिरेतून देणे सोयीचे असते; पण झडपेसाठी सलाईन जपून, मोजून द्यावे लागते. कळा वाढवणारे ऑक्सिटोसिनही एकदम न देता सावकाश द्यायचे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी सर्रास दिले जाणारे मेथर्जिन माझ्यासाठी टाळायचे, कारण त्याने रक्तदाब चढतो. स्वतंत्रपणे दोन तज्ज्ञांकडे गेले असते तर दोघांनीही आपापल्या जागी बरोबर सल्ला दिला असता आणि तो एकमेकांशी जुळला नसता. येथे तिघे एका टेबलाशी बसून बोलत होते. औषधे सिरिंज पंपावर, कमीत कमी पाण्यात द्यायची, असे त्यांनी माझ्यासमोर ठरवले. बाळाचे अंदाजित वजन ठरवलेल्या मर्यादेपुढे गेले तर व्हॅक्यूमच्या वाटेला न जाता सिझर करायचे, हेही तेव्हाच ठरले.

सिझरच्या बाजूने जे होते तेही त्यांनी लपवले नाही. ठरवून केलेले सिझर दिवसाउजेडी होते, सर्व तज्ज्ञ हजर असतात, रक्ताची पिशवी तयार असते, योनीमार्गाजवळच्या मोठ्या फाटीचा प्रश्न येत नाही. नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न मध्येच सोडून घाईने सिझर करावे लागले तर ते ठरवून केलेल्या सिझरपेक्षा अधिक धोक्याचे असते आणि पहिलटकरणीला ही शक्यता नाकारता येत नाही. भूलतज्ज्ञ म्हणाल्या की म्हणूनच एपिड्युरल लवकर घालून ठेवू, म्हणजे वेळ आलीच तर त्याच नळीतून शस्त्रक्रियेची भूल हळूहळू वाढवत नेता येईल आणि रक्तदाब एकदम पडणार नाही. पुढच्या गरोदरपणाचाही विचार झाला. सिझरच्या व्रणावर पुढच्या वेळी वार (प्लॅसेंटा) चिकटण्याचा धोका असतो आणि तो प्रत्येक सिझरगणिक वाढत जातो. आम्हाला आणखी मूल हवे आहे का, हा प्रश्न आम्हाला त्याआधी कोणीच विचारला नव्हता.

शेवटी एक छापील कागद भरून हातात दिला गेला. एका बाजूला नैसर्गिक प्रसूतीची योजना आणि दुसऱ्या बाजूला कोणत्या परिस्थितीत सिझरकडे वळायचे ते लिहिले होते: बाळाचे ठोके, माझा दम, रक्तातील ऑक्सिजन, थांबलेली प्रगती. खाली तिघांच्या सह्या होत्या. रात्रपाळीला जो कोणी डॉक्टर असेल त्याला हा कागद दाखवायचा, असे बजावून सांगितले. मी तो ममता कार्डाला (गरोदरपणाच्या नोंदींच्या सरकारी कार्डाला) टाचून ठेवला.

आता उणिवा. वेळ ठरवून गेलो तरी बाहेर फार वेळ बसावे लागते. इन्सुलिनवर असलेल्या गरोदर बाईला जेवणाची वेळ पाळावीच लागते, हे जेथे सर्वाधिक ठाऊक असायला हवे तेथेच दुपारचे जेवण टळण्याची पाळी येते. प्रतीक्षाकक्षात खायला मिळतात ती फक्त बिस्किटे आणि गोड चहा. डबा घरूनच न्यावा. दुसरी तक्रार पैशांची आहे. ‘नॉर्मल’ आणि ‘सिझर’ अशी दोन पॅकेजे छापलेली आहेत. कळा सुरू करून, एपिड्युरल देऊन, हृदयरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली होणारी प्रसूती दोन्हींत बसत नाही आणि अखेरचे बिल पहिल्या पॅकेजपेक्षा बरेच वर जाते. हा खर्च वाजवी होता असे मला वाटते. मात्र तो आधी कागदावर द्यायला हवा होता, कारण घरातली चर्चा अनेकदा पैशांपाशी येऊन अडते आणि अंदाज हाती नसला की लोक ठरलेल्या रकमेच्या सिझरकडे झुकतात.

तिसरी उणीव भाषेची. सल्ला गुजराती आणि इंग्रजीत दिला जातो. आम्हा वडोदरेकरांना त्याचे काही वाटत नाही, पण माझी आई साताऱ्याहून बाळंतपणासाठी आली होती आणि तिला यातले अर्धेच कळले. तेथील एका मराठी परिचारिकेने कामाची पाळी संपल्यावर थांबून तिला सर्व समजावून सांगितले. तोपर्यंत आई धास्तावलेली होती आणि तिची धास्ती माझ्यावरही येत होती. निर्णयात ज्यांचा शब्द घरात वजनदार आहे त्यांना त्यांच्या भाषेत समजावणे हा सल्ल्याचाच भाग आहे आणि मराठी कुटुंबे इतक्या संख्येने असलेल्या या शहरात ते अवघड नाही. चौथी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. तेथे नवजात बाळासाठी अतिदक्षता कक्ष आहे, आईसाठी नाही. आईची प्रकृती बिघडली तर तिला दुसऱ्या रुग्णालयात हलवावे लागते. हे त्यांनी विचारल्यावर सांगितले. न विचारता सांगायला हवे होते.

प्रसूती 39 व्या आठवड्यात, गर्भाशयाचे तोंड मऊ करणारे जेल ठेवून कळा सुरू करून झाली. दाखल झाल्यावर रात्रपाळीच्या डॉक्टरांनी खरोखरच तो कागद मागून घेतला आणि वाचला. एपिड्युरल लवकर दिले गेले. मला डाव्या कुशीवर, पाठ उंच ठेवून झोपवले होते आणि समोरच्या पडद्यावर ठोके दिसत होते. शेवटी ठरल्याप्रमाणे व्हॅक्यूम लावला आणि मुलगी झाली. त्यानंतरची रात्र मला अधिक आठवते, कारण ज्या लोंढ्याविषयी आधी ऐकले होते त्यासाठी सर्वजण जागे होते. परिचारिका दर थोड्या वेळाने येऊन ऑक्सिजन पाहायची, छातीच्या मागच्या बाजूने फुफ्फुसे ऐकायला डॉक्टरांना बोलवायची, लघवीचे माप लिहून ठेवायची. प्रसूतीनंतर आईची चौकशी मागे पडून सर्वांचे लक्ष बाळाकडे जाते. येथे तसे झाले नाही आणि माझ्या दृष्टीने संपूर्ण सेवेतील हा सर्वोत्तम भाग आहे.

बाळाच्या बाबतीतही तयारी नीट होती. मधुमेही आईच्या बाळाची साखर जन्मानंतर उतरू शकते, म्हणून पहिल्या तासात तिला अंगावर पाजायला घेतले आणि पुढे टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासत राहिले. आत्याबाईंनी मध चाटवण्यासाठी सोन्याची अंगठी आणली होती. डॉक्टरबाईंनी ती आदराने हातात घेतली, कपाळाला लावली आणि वर्षाच्या आतील बाळाला मध का देऊ नये हे त्यांना शांतपणे समजावले. आत्याबाई दुखावल्या नाहीत, हे मी डॉक्टरबाईंच्या बाजूने आवर्जून नोंदवते. घरी जाताना दिलेल्या कागदावर मात्र सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा साखरेची तपासणी करण्याचा उल्लेख नव्हता. मी विचारले तेव्हा पेनाने लिहून दिला. गरोदरपणात साखर वाढलेल्या स्त्रीला पुढे मधुमेह होण्याची शक्यता बरीच असते, म्हणून हे छापलेलेच असले पाहिजे.

सौम्य किंवा मध्यम आजार असलेल्या आणि आपल्या प्रसूतीचा मार्ग कारणांसह समजून घेऊ इच्छिणाऱ्या स्त्रीला मी ही सेवा निःसंकोच सुचवते. तिच्या अहवालांवरून सिझर योग्य ठरले तरीही जाणे वाया जाणार नाही, कारण मग ते 37 व्या आठवड्यात करायचे की 39 व्या, कोणत्या भुलीने आणि नंतर किती वेळ देखरेखीखाली राहायचे, हेही ठरवावे लागते. ज्यांची झडप फार अरुंद आहे, ज्यांना बसल्या जागी दम लागतो किंवा ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, त्यांनी मात्र आईसाठी अतिदक्षता कक्ष असलेल्या मोठ्या रुग्णालयातच नाव नोंदवावे. ज्यांना हा खर्च झेपणार नाही त्यांच्यासाठी बडोदा वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले सयाजी रुग्णालय आहे आणि प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. जोखमीच्या गरोदरपणाची नोंद तेथे कार्डावर लाल खूण करून केली जाते. कोठेही गेलात तरी जुने इको, साखरेची वही आणि चालू औषधांची यादी सोबत न्या आणि आईला हलवावे लागले तर कोठे हलवणार, हे पहिल्याच भेटीत विचारा.